वादळाचं पाणी नकाशावर कसं उतरतं, आणि आपल्या दारातलं पाणी त्यात का दिसत नाही



घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या भिंतीकडे जरा बघा. रंगाखालून पिवळट-तपकिरी रेघ अजून डोकावते का? जुलै २०१८ च्या पाण्याची ती खूण. तेव्हा वसई-विरारमध्ये दिवसचे दिवस पाणी होतं. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल बंद पडली, मिठागरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढावं लागलं आणि वीज गेली ती लवकर आलीच नाही. पुढे तीन वर्षांनी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. (तौक्ते हा म्यानमारने दिलेला शब्द. अर्थ आहे मोठ्याने ओरडणारी पाल!) केळी आडवी झाली, झाडं पडली, खांब वाकले. त्या एका दिवसात मुंबईत सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात.

मागच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "आता उपग्रहावरून पुराचे नकाशे निघतात म्हणतात. मग आपलं नुकसान त्यात आपोआप दिसेल ना? पंचनाम्याला कशाला धावायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र अर्धं हो आणि अर्धं नाही. त्यासाठीच हा लेख.

आधी पाणी कुठून येतं ते बघू. वादळ म्हटलं की आपण वाऱ्याचाच विचार करतो. हवामान खातं वाऱ्याच्या वेगावरून वादळाला नाव देतं. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर चक्रीवादळ, ८९ ते ११७ असेल तर तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० ला रायगडला धडकलेलं निसर्ग हे तीव्र चक्रीवादळ होतं आणि तौक्ते त्याच्याही वरच्या गटातलं. पण वारा काही तासांत निघून जातो. पाणी मागून येतं आणि मुक्काम करतं. मार्च २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात इदाई वादळ बैरा शहराजवळ धडकलं. वारा शमला आणि लोकांना वाटलं, सुटलो. मग डोंगरात पडलेला पाऊस बुझी आणि पुंग्वे या नद्यांतून खाली उतरला आणि सपाट प्रदेशाचा समुद्र झाला. माणसं छपरावर, झाडावर बसून होती. त्या वेळी आकाशात ढग दाटलेले होते, तरी रडार उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी कुठवर पसरलंय याचे नकाशे निघाले आणि मदत करणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला.

आपल्याकडची रचना फार वेगळी नाही. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगरावरचं पाणी पश्चिमेकडे यायला निघतं, तर मध्ये रेल्वेचा भराव. भरावाखालच्या मोऱ्यांतून जेवढं निघेल तेवढंच पुढे येतं. वैतरणा उगम पावते त्र्यंबकच्या डोंगरात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. वाटेत सूर्या, पिंजाळ, तानसा तिला मिळतात. टीव्हीवर "मोडकसागर भरला, तानसा ओसंडून वाहू लागला" अशी बातमी आली की मुंबईकर खूश होतात, त्यांचं वर्षाचं पाणी झालं. आपण नदीच्या शेपटाकडची माणसं. तीच बातमी आपण दुसऱ्या कानाने ऐकायला हवी. तानसावरचा पांढरतारा पूल पाण्याखाली गेला की पलीकडची गावं तुटतात, ते पूर्वेकडच्या बायकांना सांगावं लागत नाही.

त्यात वादळ असेल तर समुद्रही फुगतो. हवेचा दाब कमी झाल्याने थोडा वर उचलला जातो आणि वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. वरून भरती आली की खाडीचं तोंडच बंद. न्हाणीघराच्या मोरीला बोळा बसवून नळ सोडावा, तशी गत.

आता उपग्रहाकडे वळू. साधा उपग्रह कॅमेऱ्यासारखा असतो. ढग आले की त्याला खालचं काही दिसत नाही आणि पूर तर ढगांच्या खालीच असतो. म्हणून पुरासाठी रडारचा उपग्रह लागतो. तो स्वतः लहरी खाली सोडतो आणि परत येणाऱ्या लहरी मोजतो. या लहरी ढगातून, पावसातून, अंधारातूनही जातात. युरोपचा सेंटिनेल-१ हा असाच उपग्रह. २०१४ पासून त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. आपल्या इस्रोनेही १४ फेब्रुवारी २०२२ ला ईओएस-०४ हा रडार उपग्रह सोडला. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा चित्रांवरून पुराचे नकाशे तयार करतं आणि ते इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर बघता येतात.

पाणी ओळखायचं कसं? रात्री वीज गेलीय आणि तुम्ही बॅटरी घेऊन अंगणात उभ्या आहात असं समजा. समोर जमिनीवर आरसा पडलाय. बॅटरीचा झोत तिरका आरशावर पडला तर उजेड पुढे उसळून निघून जातो, तुमच्या डोळ्याकडे परत येत नाही. आरसा काळा दिसतो. बाजूची खडबडीत जमीन मात्र उजेड चहूकडे उधळते, त्यातला थोडा तुमच्याकडे येतो, म्हणून ती दिसते. स्थिर पाणी हा आरसा. रडारच्या चित्रात पाणी काळं आणि जमीन करडी. घरं-इमारती पांढऱ्या चमकतात, कारण लहर जमिनीवर आणि मग भिंतीवर आपटून सरळ उलटी परतते.

पण काळं दिसलं ते सगळं पूर नव्हे. खाडीही काळी, तलावही काळा. म्हणून वादळाआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवतात. आपण गटाच्या वहीत मागची शिल्लक आणि आताची शिल्लक मांडून फरक काढतो, तसंच. आधी करडं होतं आणि आता काळं झालं, ते नवीन पाणी. तोच पूर.

ऐकायला सोपं वाटतं. पण आगाशी-अर्नाळ्याच्या जमिनीवर हा हिशेब बऱ्याच ठिकाणी चुकतो, आणि कुठे चुकतो ते आपल्याला माहीत पाहिजे.

जुलै महिना घ्या. भाताची लावणी झालेली असते, खाचरात वीतभर पाणी असतंच. उपग्रहाला खाचर काळं दिसतं आणि बुडालेलं शेतही काळंच दिसतं. जूनच्या आधीचं चित्र शेजारी ठेवलं तर सगळी भातशेती पुरात गेलेली वाटेल. लावणीनंतरचं चित्र शेजारी ठेवलं तर खरोखर बुडालेलं शेतही "आधीपासून पाणी होतं" म्हणून सुटून जाईल. मिठागरांचं तेच, आणि आपल्या बावखलांचंही तेच. तौक्ते मेमध्ये आलं. तेव्हा खाचरं कोरडी, म्हणजे नवीन पाणी ओळखणं सोपं. २०१८ चा पूर जुलैतला, म्हणजे अवघड.

वाडीत तर आणखी वेगळी अडचण. नारळ, केळी, आंबा, खाली पानवेली. या लहरी दाट पानांवरच अडकतात, खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाहीत. वाडीत गुडघाभर पाणी असलं तरी वरून ती हिरवीगार, कोरडी वाडीच. गल्लीचंही तसंच. सेंटिनेल-१ च्या चित्रातला एक ठिपका साधारण दहा मीटर लांब-रुंद असतो. आपल्या आळीतली वाट तीन मीटरची, दोन्हीकडे भिंती. पाणी काळं दिसण्याऐवजी भिंतींच्या चमकेत हरवून जातं. शिवाय वारा जोरात असेल तर पाण्यावर लाटा उठतात, आरसा खडबडीत होतो आणि पाणी जमिनीसारखं दिसतं. म्हणजे वादळ ऐन जोरात असताना घेतलेलं चित्र सगळ्यात फसवं.

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. सेंटिनेल-१ एकच असेल तर त्याच वाटेने पुन्हा यायला बारा दिवस लागतात, जोडीने दोन असतील तर सहा. आणि आपल्या डोक्यावरून तो जातो तेव्हा वेळ नेहमी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आसपासची असते. आता भरतीचा हिशेब लावून बघा. अर्नाळ्याच्या कोळी मावशींना हा तोंडपाठ असतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. १७ मे २०२१ ला वैशाख शुद्ध पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती.

पौर्णिमेला काय होतं? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या अलीकडे. अमावास्येलाही तेच. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी आणि पहाटे पाच-सहा वाजता. आणि उपग्रह येतो सहाला! अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सगळ्यात मोठं, त्याच दिवसांत खाडीचं पाणी सगळ्यात वर चढतं आणि नेमका त्याच दिवसांत उपग्रह ओहोटीच्या आगेमागे येऊन जातो. दुपारी तुमच्या ओट्याला लागलेलं पाणी संध्याकाळच्या चित्रात उतरलेलं असू शकतं. यात कुणाची लबाडी नाही. त्याची फिरण्याची वेळच तशी ठरलेली आहे. पण उद्या कुणी नकाशा समोर धरून म्हणालं, "इथे तर पाणी दिसत नाही", तर आपल्याला हे सांगता आलं पाहिजे.

म्हणून उपग्रहाचा नकाशा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचं पाणी दिवसेंदिवस हललं नाही. तिथे मोकळी उसाची आणि भाजीची शिवारं, पसरट पाणी. अशा ठिकाणी उपग्रह एका नजरेत सगळा जिल्हा दाखवतो, ते कुणा माणसाला शक्य नाही. आपल्याकडेही खाडीकाठची खाजणं, चिखलडोंगरी-मारंबळपाड्याकडचा मोकळा भाग त्यात बरा दिसेल. आळी आणि वाडी मात्र आपल्यालाच भरावी लागेल.

आणखी एक नकाशा असतो, पूररेषेचा. तो पाटबंधारे खात्याकडून ठरतो. नदीकाठी निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फार गोंधळ होतो. "२०१८ ला येऊन गेला ना, आता पंचवीस वर्षं चिंता नाही" असं मी स्वतः ऐकलंय. तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार शक्यता, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरी. तीन वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात साडेअकरा होते.

कर्जाचं मुद्दाम लिहिते. २०१८ च्या आधी आमच्या गटाने एका ताईला कोंबड्यांच्या शेडसाठी अंतर्गत कर्ज दिलं होतं. पिल्लं कुठून आणणार, खाद्य किती, विकणार कुठे, सगळं विचारलं. शेड कुठे बांधणार, एवढं विचारलं नाही. तिने ती नाल्याकडच्या पडीक तुकड्यावर बांधली, कारण तीच जागा मोकळी होती. जुलैत एका रात्रीत पिल्लंही गेली आणि खाद्याची पोतीही. हप्ते थकले तेव्हा आम्ही दहा जणी तिच्यावर रागावलो. खरं तर चूक तिची एकटीची नव्हती. त्या तुकड्यावर पाणी येतं हे बैठकीत बसलेल्या निदान चार जणींना माहीत होतं. माहीत होतं, पण कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी बोललंही नाही. आमच्या कर्जाच्या अर्जात आता एक ओळ वाढवली आहे: जागा कुठे, आणि तिथे पाणी कुठवर आलं होतं.

तर आपला नकाशा कसा करायचा. मोठा कागद घ्या. आधी ओळखीच्या जागा काढा: भवानीशंकराचं देऊळ आणि तळं, शाळा, बाजार, मुख्य रस्ते. मग नाले, मोऱ्या, विहिरी, बावखलं. बुजवलेली बावखलंही काढा, तुटक रेघेने. कारण पाणी आपली जुनी जागा शोधत तिथेच येतं. (बावखलं बिल्डरनेच बुजवली असं नाही हो. काही आपणच बुजवली, मच्छर होतात म्हणून, गाडी लावायला जागा हवी म्हणून.) प्रमाण चुकलं तरी चालेल. कुठून कुठे पाणी गेलं ते बाणाने दाखवा.

मग प्रत्येक आळीत जाऊन विचारा. पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता शिरलं, कुठल्या बाजूने आलं, किती वेळ राहिलं. गोड होतं की खारं, हे नक्की विचारा. खारं असेल तर ते खाडीतून आलंय आणि गोड असेल तर डोंगराकडून किंवा तुंबलेल्या नाल्यातून. दोन्हींवर उपाय वेगळे. विहीर किती दिवस खारट राहिली, हे म्हाताऱ्या आजींना बरोबर आठवतं.

उंची मोजताना एक चूक सगळ्या करतात. एक म्हणते गुडघाभर, दुसरी म्हणते काहीच नाही, आणि दोघी शेजारी राहतात! कारण एकीचं जोतं उंच. म्हणून घरातलं पाणी न मोजता एकाच ठिकाणापासून मोजायचं, उदाहरणार्थ शाळेची पहिली पायरी. त्यासाठी गवंडी वापरतो ती पारदर्शक प्लास्टिकची नळी आणा. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. एक टोक पायरीपाशी, दुसरं भिंतीवरच्या खुणेपाशी, आणि फरक मोजपट्टीने मोजायचा. लांब जायचं असेल तर टप्प्याटप्प्याने. कुठल्याही गवंडी भावाला विचारा, पाच मिनिटांत दाखवेल.

पूर चालू असताना हे काम करायला कुणीही जाऊ नका. पाण्यात तुटलेली तार असू शकते, उघडं गटार असू शकतं. पाणी ओसरल्यावर, चिखल धुण्याआधी, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा आणि फोटोत घराचा दरवाजा किंवा ओळखीचं झाड येऊ द्या. नुसत्या पाण्याचा फोटो कुठलाही असू शकतो. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहाय्यक येतील तेव्हा सातबारा, फोटो आणि हा नकाशा बरोबर ठेवा. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आकडा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून घेतात. पाऊस मापात बसला तरी पाणी नेमकं कुणाच्या वाडीत उभं राहिलं ते पर्जन्यमापक सांगत नाही. ते आपला कागद सांगेल.

२०१८ च्या पुरानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली होती. तज्ज्ञ येतात, तेव्हा त्यांनाही लागते ती हीच माहिती: कुठे, किती, किती वेळ. ती सांगायला गावात नोंद असेल तर आपली आळी त्यांच्या नकाशावर जाते.

नकाशावर आणखी दोन खुणा करा. जिथे अंथरुणाला खिळलेलं माणूस, दिवस भरत आलेली बाई किंवा एकटी आजी आहे ते घर. ही खूण गटापुरतीच ठेवा, चव्हाट्यावर लावू नका. आणि दुसरी, पाणी कधीच न आलेली पक्की जागा. इशारा आला की कोण कुणाला कुठे नेणार हे दोन-दोन जणींत आधीच वाटून घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, आणि ११२ कुठूनही लागतो. गटाची पेटी, पासबुकं, इतिवृत्ताची वही कुणाच्या घरी ठेवायची तेही या नकाशावरूनच ठरवा. अध्यक्षांचं घर सोयीचं असतं, पण ते नेहमीच उंचावर असेल असं नाही.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या आळीचा कच्चा कागद आणायचा आहे. सोबत मोजपट्टी, पेन्सिल आणि घरात असतील तर जुनी कालनिर्णयं. २०१८ आणि २०२१ ची मुद्दाम शोधा. आपल्यातल्या कितीतरी जणी दुधाचा हिशेब त्याच पानांच्या चौकोनात लिहितात. दूध ज्या दिवशी आलं नाही, ते चौकोन रिकामे असतील. पाणी किती दिवस होतं ते तिथे मोजता येईल.